कोणता राग लावू? आणि संगीतोपचाराबद्दल वारंवार विचारले जाणारे इतर प्रश्न

मी गाण्याचे क्लास घेते. शिवाय गेली काही वर्षं आठवड्यातून दोन सकाळी वृद्धांच्या एका डे-केअरमध्ये पेटी घेऊन जाते आणि तिथल्या आजी-आजोबांबरोबर तासभर गाते. मी डॉक्टर नाही, प्रमाणपत्र घेतलेली म्युझिक थेरपिस्टही नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पण क्लासमधले पालक, सोसायटीतल्या मैत्रिणी, लग्नात भेटलेले लांबचे नातेवाईक सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. उत्तरं शोधता शोधता माझं वाचन वाढत गेलं. ते इथे एका जागी ठेवते.

आईला बीपी आहे. कोणता राग लावून देऊ?

हा पहिल्या नंबरचा प्रश्न. विचारणाऱ्याच्या फोनमध्ये बहुधा एक तक्ता असतो: डावीकडे राग, उजवीकडे आजार. माझ्याकडे असे तीन तक्ते फिरत फिरत आलेत आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही. एकात जो राग झोपेसाठी, तोच दुसऱ्यात पचनासाठी.

तक्त्यातली गडबड गाणाऱ्याला लगेच कळते. भैरवी म्हणजे कुठली भैरवी? मैफल संपताना सावकाश आळवलेली ठुमरी, की भजनी मंडळ टाळ कुटत म्हणतं तो अभंग? राग एकच, पण एकीने डोळे मिटतात आणि दुसरीने पाय हलायला लागतात. शरीर आधी लय पकडतं. इटलीतले संशोधक लुचियानो बेर्नार्दी यांच्या गटाने २००६ मध्ये २४ जणांना सहा तऱ्हांचं संगीत ऐकवलं. त्यात आपलं रागसंगीत होतं, टेक्नो होतं, रॅपही होतं. लय जलद झाली की श्वास, ठोके आणि रक्तदाब वर जात. शैली कोणती, ऐकणाऱ्याला ती आवडते की नाही, याने त्यात फारसा फरक पडला नाही. गंमत अशी की लोक सगळ्यात सैलावले ते मध्येच सोडलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत.

याच गटाने २००१ मध्ये २३ जणांना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ असं दोन्ही म्हणायला लावलं होतं. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला. दोन धर्म, दोन भाषा, पण ओळीची लांबी एका निवांत श्वासाएवढी. हरिपाठ म्हणणाऱ्या माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, त्यात नवीन काय?

तेव्हा आईला आवडणारं काही संथ लावा. ते संपलं की लगेच पुढचं लावू नका. आणि गोळी चालू ठेवा. जो तक्ता गोळी बंद करायला सांगतो, तो डिलीट करा.

म्हणजे रागचिकित्सा थोतांड आहे का?

अमुक रागाने अमुक आजार जातो, या दाव्याला भक्कम आधार नाही. पण आजाऱ्याजवळ गाणं हवं, ही समज आपल्याकडे फार जुनी आहे आणि ती मला तक्त्यांपेक्षा जास्त आवडते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पंधराव्या अध्यायात, वमन-विरेचन, म्हणजे उलटी-जुलाबाचे उपचार, देण्याआधी श्रीमंत रोग्यासाठी घर कसं सज्ज करावं ते सांगितलंय. स्वयंपाकी हवेत, अंग रगडणारे हवेत, रोग्याला उठवणारे-निजवणारे हवेत, औषधं कुटणारे हवेत, दूध देणारी गाय हवी. आणि त्याच यादीत गाणं, वाजवणं, श्लोक, गाथा, गोष्टी, पुराणं यांत तरबेज असलेली माणसंही हवीत. औषध कुटणाऱ्याच्या पंक्तीला गाणारा! कुठला राग, याचं मात्र नाव नाही.

दक्षिणेत कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांची आख्यायिका सांगतात. त्यांच्या एका शिष्याला पोटशूळ होता, पत्रिकेत गुरूची पीडा निघाली, म्हणून दीक्षितरांनी गुरू ग्रहावर अठाणा रागात कृती रचली आणि शिष्याला म्हणायला दिली. पोटशूळ त्यामुळेच थांबला का, हा वाद मी घालत नाही. माझं लक्ष जातं ते ‘म्हणायला दिली’ या शब्दांकडे.

मग म्युझिक थेरपी म्हणजे नेमकं काय?

दुसऱ्या महायुद्धातून जखमी होऊन आलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेतल्या रुग्णालयांत गायक-वादक जाऊ लागले. फायदा दिसत होता, पण नुसतं वाजवता येऊन भागत नाही, आजारही कळायला हवा, हेही लक्षात आलं. १९४४ मध्ये मिशिगनमध्ये पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९५० मध्ये थेरपिस्टांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आज व्याख्या साधारण अशी: शिकलेला माणूस, ठरवलेलं उद्दिष्ट (‘चार शब्द बोलता यावेत’, ‘न अडखळता दारापर्यंत जाता यावं’), आणि रोग्याच्या प्रतिसादाप्रमाणे बदलत जाणारं संगीत.

स्पीकरवर गाणं लावणं वाईट नाही, पण ती थेरपी नव्हे. डे-केअरमध्ये मी करते तीही काटेकोरपणे थेरपी नव्हे.

हे सगळं पाश्चात्त्यांकडूनच आलं का?

नाव तिकडून आलं. काम सगळीकडे होतंच.

मला सगळ्यात भुरळ पडते ती तुर्कस्तानातल्या एदिर्नेच्या रुग्णालयाची. सुलतान दुसऱ्या बायझीदने बांधवलेलं हे संकुल १४८८ मध्ये पुरं झालं. मधोमध कारंजं, वर मोठा घुमट, भोवती रुग्णांच्या खोल्या. सतराव्या शतकात एव्लिया चेलेबी हा फिरस्ता तिथे गेला आणि त्याने लिहून ठेवलं की देणगीच्या उत्पन्नातून दहा गायक-वादक पगारावर ठेवलेत, ते आठवड्यातून तीनदा येऊन रुग्णांसमोर वाजवतात. वेड लागलेल्यांना फुलांचा वास द्यायचीही पद्धत होती. युरोपात त्याच सुमारास अशा माणसांना पुष्कळ ठिकाणी साखळदंडाने बांधून ठेवत. आता तिथे आरोग्यविषयक संग्रहालय आहे.

तुर्कांचे मकाम म्हणजे ढोबळमानाने आपले राग. आणि हो, त्यांच्याकडेही मकाम आणि आजारांचे तक्ते होते! तक्ता करायची हौस मनुष्यमात्राला आहे. पण एदिर्नेत पैसे तक्त्यावर नाही, दहा माणसांवर खर्च केले.

अंगात येणं, ढोल वाजवून ‘उतरवणं’ हीसुद्धा म्युझिक थेरपीच का?

हा प्रश्न मला एका विद्यार्थिनीने विचारला आणि मी आठवडाभर गप्प होते. उत्तर इटलीच्या टाचेत सापडलं.

नकाशात इटलीच्या बुटाची टाच म्हणजे सालेंतो. तिथे शेतावर राबणाऱ्या बायकांना उन्हाळ्यात, कापणीच्या दिवसांत, कोळी चावायचा. बाई आडवी व्हायची, बोलायची नाही, मग थरथरायची. घरचे वैद्याऐवजी वाजवणारे बोलावत: व्हायोलिन, ॲकॉर्डियन आणि डफासारखी खंजिरी. घरातच पांढरी चादर अंथरायची, बाई त्यावर कधी सरपटायची, कधी तासन्‌तास नाचायची. वाजवणारे एकेक चाल लावून बघत. कुठल्या चालीवर बाई हलते हे कळलं की तीच धरून ठेवायची. रंगीत कापडंही दाखवत, कारण कोळ्याला रंग असतो अशी समजूत होती. नार्दो गावचे लुईजी स्तिफानी यातले नावाजलेले व्हायोलिनवादक. पोटापाण्याचा धंदा न्हाव्याचा.

१९५९ मध्ये एर्नेस्तो दे मार्तिनो हे अभ्यासक मानसोपचारतज्ज्ञ आणि संगीत अभ्यासक बरोबर घेऊन तिथे राहिले. त्यांना दिसलं की कोळी बहुतेक बायकांनाच ‘चावतो’, पहिल्यांदा बहुधा वयात येताना, आणि मग दरवर्षी त्याच दिवसांत चावा पुन्हा जागा होतो. विषाला असं कॅलेंडर नसतं. मनाविरुद्ध झालेलं लग्न, मोडलेलं प्रेम, घरातलं मरण असं काही खाली दबलेलं असे, आणि एरवी तोंड उघडायची मुभा नसलेल्या बाईला वर्षातून एकदा, सगळ्या गावादेखत, किंचाळायची आणि नाचायची मुभा मिळे. २९ जूनला गालातिना गावातल्या संत पॉलच्या देवळात जाऊन सांगता व्हायची. आज ती चाल, पित्सिका, सणाच्या स्टेजवर वाजते आणि हजारो पर्यटक नाचतात. कोळी कुणालाच चावत नाही.

मोरोक्कोत ग्नावा लोकांची रात्रभर चालणारी लिला अशीच: गिंब्री या तंतुवाद्याचा खर्ज, लोखंडी चिपळ्या आणि प्रत्येक आत्म्याचा वेगळा रंग. २०१९ मध्ये युनेस्कोने ग्नावा परंपरेला वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडच्या जागरात, डफाच्या ठेक्यावर वारं येणाऱ्या बाईला बघताना मला आता सालेंतोची पांढरी चादर आठवते.

थेरपी म्हणू का? त्या बाईला मोकळं वाटतं, हे खरं. पण तिचं उद्दिष्ट कुणी ठरवत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिला त्याच घरात जायचं असतं. शिवाय साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र घालत बसणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. सालेंतोचा कोळी मनातला होता. आपल्या बांधावरची घोणस खरी असते.

लकव्यानंतर बोलता येत नाही, पण गाता येतं. हे कसं?

माझ्या आत्याचं सांगते. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका, उजवं अंग लुळं, शब्द गेले. ‘हो’ आणि ‘नको’ एवढेच उरले, तेही उलटसुलट. दीड महिन्याने गणपती बसले. आरती सुरू झाली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीतून आत्याचा आवाज आला. शब्द स्पष्ट, कडवं पुरं. काकांच्या हातातली घंटा थांबली. आरती झाल्यावर सगळे तिच्याभोवती: ‘आत्या, पाणी हवं?’ आत्याने तोंड उघडलं. शब्द नाही. ती रडली, आम्हीही.

बोलणं बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूवर फार अवलंबून असतं. गाण्याचं काम दोन्ही बाजूंत पसरलेलं असतं आणि पाठ आरती तर ठरीव वाटेने आपसूक येते. म्हणून आरती शाबूत राहते. पण आरती येते म्हणून ‘पाणी’ येईलच असं नाही. मधला पूल बांधावा लागतो. १९७३ मध्ये बॉस्टनमधल्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी त्याची रीत मांडली. ‘पाणी दे’ हे दोनच स्वरांत म्हणायचं, सा आणि वर साधारण कोमल गंधार, जोर असलेलं अक्षर वरच्या स्वरावर. प्रत्येक अक्षराला थेरपिस्ट रोग्याचा डावा हात टेबलावर हलकेच आपटतो. आधी थेरपिस्ट गुणगुणतो, मग दोघं मिळून म्हणतात, मग थेरपिस्ट अर्ध्यात आवाज सोडून देतो. पुढे चाल हळूहळू सपाट करत बोलण्याजवळ आणायची. अमेरिकेतल्या तेव्हाच्या खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांना २०११ च्या जानेवारीत डोक्यात गोळी लागल्यावर बोलणं परत मिळवताना गाण्याचा बराच उपयोग झाला.

हे सगळ्यांना लागू पडत नाही. समजतंय पण बोलता येत नाही, अशांना जास्त उपयोग होतो. स्पीच थेरपिस्टला विचारल्याशिवाय घरी सुरू करू नका. आम्ही केलं होतं, आणि आत्या फक्त चिडली.

पार्किन्सनमध्ये पाय जमिनीला चिकटतात. गाण्याने चालता येतं म्हणतात?

येतं, आणि हा मला सगळ्यात ठोस वाटणारा भाग आहे. पाऊल टाकण्याची आतली ‘मात्रा’ बिघडलेली असते, ती बाहेरून पुरवायची. अमेरिकेत संशोधक मायकेल थाऊट यांनी १९९६ मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांकडून तीन आठवडे रोज ठोक्यावर चालण्याचा सराव करवून घेतला. चालण्याचा वेग सुमारे २५ टक्के वाढला. पद्धत अशी की आधी रोगी स्वतःच्या चालीने मिनिटाला किती पावलं टाकतो ते मोजायचं, ठोका त्याच वेगावर लावायचा, मग थोडा थोडा चढवत न्यायचा.

ताल मात्र पायांना झेपणारा हवा. केरवा चालतो, भजनी ठेका चालतो. झपतालावर, दोन-तीन-दोन-तीन, धडधाकट माणूसही अडखळेल. पहिले काही दिवस शेजारी कुणीतरी धरायला असलंच पाहिजे.

डिमेन्शिया असलेल्या सासऱ्यांना भजनं लावतो, पण ते उठून जातात.

भजनं तुम्हाला आवडतात की त्यांना? म्हातारपण म्हणजे भजन, हे आपण गृहीत धरतो. माणसाला सगळ्यात पक्की आठवतात ती साधारण पंधरा ते पंचवीस वयात ऐकलेली गाणी. सासरे ऐंशीचे असतील तर साठचं दशक शोधा.

आमच्या डे-केअरमध्ये एक आजोबा होते, मुंबईच्या गिरणीत जन्म गेलेला. दिवसभर स्पीकरवर अभंग, आणि आजोबा भिंतीकडे तोंड करून. एकदा मी पेटीवर सहज लावणीचा मुखडा काढला. आजोबांनी मान वळवली, मांडीवर ढोलकीचा ठेका धरला आणि मला दटावून म्हणाले, ‘‘अगं, जरा उचलून घे.’’ तीन महिन्यांत त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं पुरं वाक्य. शेजारच्या आजींनी नाक मुरडलं, तो भाग वेगळा.

आणि दिवसभर लावून ठेवू नका. सतत चालू असलेलं गाणं म्हणजे न थांबणारा पंखा.

ऑटिझम असलेल्या मुलाला फायदा होईल का?

इथे जपून बोलते, कारण आईबापांची आशा मोठी असते आणि फी पण. नऊ देशांतल्या ३६४ मुलांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१७ मध्ये आला: पाच महिन्यांच्या संगीतोपचाराने ऑटिझमच्या मूळ लक्षणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पुढे २०२२ च्या एका आढाव्यात सगळ्या चाचण्या एकत्र पाहिल्यावर एकूण सुधारणेची शक्यता थोडी वाढते असं निघालं. म्हणजे ‘ऑटिझम बरा करतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा, पण मूल त्या तासात रमत असेल तर तो तास वाया नाही.

पॉल नॉर्डॉफ आणि क्लाइव्ह रॉबिन्स यांनी १९५९ पासून अशा मुलांबरोबर बसवलेली रीत मला साथसंगतीसारखी वाटते. मूल ड्रमवर कसंही बडवो, थेरपिस्टचा पियानो त्याच्या मागे जातो. मूल थांबलं की पियानो थांबतो. कधीतरी मुलाच्या लक्षात येतं: हा माझ्यामुळे थांबला!

गरोदरपणात मोझार्ट ऐकावं का?

आवडत असेल तर ऐका. ‘मोझार्टने बुद्धी वाढते’ हे १९९३ च्या एका छोट्या प्रयोगातून निघालं. त्यात ३६ कॉलेजचे विद्यार्थी होते, पोटातलं बाळ एकही नव्हतं, आणि परिणाम पंधरा मिनिटांच्या आत ओसरला. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला सीडी द्यायला एक लाख पाच हजार डॉलर मागितले. बाळ झाल्यावर तुम्हीच अंगाई म्हणा. अकरा रुग्णालयांतल्या २७२ अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरचा अभ्यास २०१३ मध्ये आला, त्यात आईबापांनी निवडलेलं गाणं प्रत्यक्ष, बाळाच्या श्वासाशी जुळवून गायल्यावर ठोके आणि दूध पिणं सुधारलेलं दिसलं.

४३२ हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ४३२ कंपनांवर सूर लावलेलं, संगीत बरं करतं म्हणतात.

आपला सा हलता आहे. बाई पेटीवरच्या काळी चार पट्टीत गाते, बुवा काळी एकमध्ये. एकाच कंपनसंख्येत आरोग्य असतं तर आपलं अर्धं घराणं आजारी पडलं असतं. पुढचा प्रश्न.

गाण्या-वाजवण्याने घोरणं कमी होतं का?

हसू नका, यावर खरंच अभ्यास आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं डिजरिडू म्हणजे वाळवीने आतून पोखरलेल्या खोडाचं लांब वाद्य. सनईवाले गालात हवा साठवून सूर तुटू देत नाहीत, तसाच त्याचा सूर अखंड ठेवतात. स्वित्झर्लंडमध्ये झोपेत श्वास अडकणाऱ्या २५ जणांचे दोन गट केले आणि एका गटाकडून चार महिने ते वाजवून घेतलं. घशाचे स्नायू घट्ट होऊन त्यांची दिवसाची पेंग कमी झाली. निकाल २००६ मध्ये छापून आला, २०१७ मध्ये त्याला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं, तेही शांततेचं. त्याच उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडमधले योल्ङु आदिवासी ते वाद्य विधींसाठी वाजवतात, घोरण्यासाठी नाही.

ऑपरेशनच्या वेळी हेडफोन लावू दिले तर लावावेत का?

जरूर. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ७३ चाचण्यांचा आढावा आला. ऑपरेशनआधी, दरम्यान किंवा नंतर गाणं ऐकल्याने वेदना आणि धास्ती दोन्ही कमी झाल्या. यादी घरूनच करून न्या.

अपाय होऊ शकतो का?

हो. काही थोड्या लोकांना विशिष्ट संगीताने फिट येते. एखादं गाणं नको ती आठवण उघडतं: एका आजींसमोर मी एक साधी अंगाई म्हटली आणि त्या दिवसभर जेवल्या नाहीत. त्यांचं बाळ गेलं होतं, मला माहीत नव्हतं. आता मी नव्या माणसाच्या घरच्यांना आधी विचारते. आणि आवाज: ८० डेसिबलपर्यंत आठवड्याला ४० तास ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. मिरवणुकीतल्या डीजेसमोर ती काही मिनिटांत संपते.

थेरपिस्ट निवडताना काय बघू?

ब्रिटनमध्ये नोंदणी नसेल तर ‘म्युझिक थेरपिस्ट’ हे नाव लावता येत नाही. आपल्याकडे दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्रही भिंतीवर टांगलेलं दिसतं. कुठे आणि किती काळ शिकलात, कुणाच्या हाताखाली रुग्ण पाहिलेत, माझ्या वडिलांसाठी उद्दिष्ट काय आणि ते कसं मोजणार, हे विचारा. डॉक्टरांशी बोलायला तो तयार आहे का तेही बघा. पहिल्या भेटीत तुमचं न ऐकताच पेनड्राइव्ह विकायला काढला तर चहा न घेता निघा.

मला सूर अजिबात नाही. आईजवळ बसून मी गायलं तर चालेल?

जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात, त्यात सुरेल गळ्याची अट कुठेच नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यात सासुरवास आहे, भावाची वाट आहे, आंबेडकरही आहेत, आणि त्या म्हणणाऱ्या बाया गाणं शिकायला कुठे गेल्या नव्हत्या.

आमच्याकडच्या एका आजींचा सा दर कडव्याला वेगळ्या गावाला जातो. मी पेटी त्यांच्या मागे नेते. काळी एकवर सुरू केलेलं काळी चारला पोचलं की त्याच थांबतात, माझ्याकडे बघून म्हणतात, ‘‘फार वर गेलीस गं,’’ आणि आम्ही परत खालून सुरू करतो.